सगळ्यांत वरचा थर

रांग बेकरीच्या दारातून निघून कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापर्यंत गेली होती. फेब्रुवारीची सकाळ. पाऊस पडावा की बर्फ, याचा निर्णय लागत नव्हता, म्हणून दोन्ही पडत होतं. उपासाचा मोठा काळ सुरू होण्याआधीचा हा तळणीचा गुरुवार. या दिवशी लुब्लिन शहरात पोंचकी न खाणारा माणूस एक तर आजारी असतो, नाहीतर परगावी. चरबीत तळलेले, आत गुलाबाचा मुरांबा आणि वर साखरेच्या पाकाचा पापुद्रा असलेले ते फुगीर गोळे प्रयोगशाळेत आणायचं काम सगळ्यांत तरुण संशोधकाकडे असे. म्हणून बोग्ना विल्चेक रांगेत उभी होती आणि तिच्या चष्म्यावर पाणी साचत होतं.

तिच्या मागचा माणूस जरा विचित्र वागत होता. रांग पुढे सरकली की तो आधी डावा हात कोटाच्या आत छातीशी घट्ट धरायचा आणि मगच पाय उचलायचा.

"कुत्र्याचं की मांजराचं?" बोग्नाने न राहवून विचारलं.

"काय?"

"पिल्लू. कोटातलं."

"दगडाचं आहे," तो म्हणाला. "पण मांजरापेक्षा लाडावलेलं. ओल चालत नाही, धक्का चालत नाही, कुणी हात लावलेला तर मुळीच चालत नाही."

बोग्ना हसली आणि पुढे वळली. खिडकीपाशी पोचल्यावर तिने गुलाबाच्या मुरांब्याचे डझनभर मागितले. बेकरीवाल्या बाईंनी खोक्याला दोरी बांधली आणि मागच्या रांगेकडे बघून जाहीर केलं, "गुलाबाचे संपले. आता आलुबुखारचे."

मागे एक मोठा उसासा ऐकू आला.

"बाई," तो माणूस बोग्नाला म्हणाला, "पहाटेपासून गाडीत आहे मी. एक विकता का?"

"विकत नाही. बदल्यात काय देता?"

"माहिती."

"कसली?"

"इथून भौतिकशास्त्र विभागाकडे कसं जायचं, हे मला माहीत नाही... ही माहिती."

"भौतिकशास्त्रात कुणाकडे?"

"बोग्ना विल्चेक म्हणून एक बाई आहेत." त्याने आवाज खाली आणला. "ओळखत असाल तर आधीच माफ करा. सहा महिने पत्रव्यवहार चाललाय, दर पत्रात त्यांची तक्रार. स्फटिक पुन्हा घासून द्यावा. कडेला ओरखडा आहे. पॅकिंग नीट नाही. पन्नाशीच्या असाव्यात. चष्मा, आणि घरी मांजर."

बोग्नाने चष्मा काढला, मफलरला पुसला, परत घातला.

"चष्मा आहे," ती म्हणाली. "मांजर नाही."

त्याचे कान लाल होत गेले — थंडीने नक्कीच नाही.

"आणि तुम्ही तिमॉन स्रोका," ती म्हणाली. "व्रोत्सवाफहून. मला वाटलं होतं, साठीचे असाल. पत्रात 'सविनय कळविण्यात येते की' असं कोण लिहितं हो?"

"घाबरलेला माणूस लिहितो," तिमॉन म्हणाला.

ट्रॉलीबसमध्ये बसायला जागा नव्हती. खोकं बोग्नाच्या हातात, स्फटिकाचा पोलादी डबा तिमॉनच्या कोटात. धरायला दोघांनाही हात मोकळा नाही. प्रत्येक वळणावर ते एकमेकांवर आदळत होते आणि प्रत्येक वळणावर दोघंही माफी मागत होते. तिसऱ्या वळणानंतर माफी मागणं बंद झालं.

प्रयोगशाळा तळघरात होती. दारातच जमिनीवर लाल पट्टा आखलेला. त्याच्या आत खाणंपिणं नाही. पट्ट्याच्या आत पोलादी नळ्यांचं एक लांबलचक यंत्र. एका टोकाला शिशाच्या विटांआड पॉझिट्रॉन सोडणारा किरणोत्सारी सोडियमचा कण, दुसऱ्या टोकाला हवा काढून घेतलेली गोल कोठी. तिमॉनने डबा उघडला. आत नखाएवढा स्फटिक होता, पातळ मधाच्या रंगाचा. टायटॅनियम डायऑक्साइड... घरांच्या पांढऱ्या रंगात असतो तोच पदार्थ. फक्त इथे एकसंध, आरशासारखा.

"सुंदर आहे," बोग्ना म्हणाली.

"कडेला ओरखडा नाही?"

"शोधते आहे."

दोघांनी हातमोजे चढवले. स्फटिक चिमट्याने उचलून धातूच्या धारकावर बसवायचा, मागे तापवायची तार, तिच्यामागे पातळ पत्रा. काम अर्ध्यावर आलं असताना लाल पट्ट्याच्या पलीकडून हाक आली. विभागप्रमुख लेओकादियाबाई हातात खोकं घेऊन उभ्या होत्या.

"पाहुण्याने खाल्लं का?"

"काम संपवून खातो, बाई," तिमॉन म्हणाला.

"आज नाही म्हणणाऱ्याचा पंप वर्षभर गळतो. इकडे या."

अशा माणसाशी वाद घालत नाहीत. तिमॉनने उजवा मोजा काढला, पट्ट्यापलीकडे उभ्याउभ्याच दोन पोंचकी संपवली, रुमालाला बोटं पुसली, मोजा परत चढवला आणि मागचा पत्रा धरायला परत आला. बोग्नाने स्क्रू आवळले.

"आता सांगा," तो म्हणाला, "माझ्या पोराचं तुम्ही नक्की काय करणार?"

"त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर कसे पडतात ते बघणार."

"त्यासाठी सगळं जग इलेक्ट्रॉनच मारतं. तुम्ही त्याचं उलट्या भाराचं जुळं, पॉझिट्रॉन का?"

"तळ्यात कोण राहतं ते बघायला तुम्ही दगड मारलात, तर जो उडेल तो स्वतःहून उडाला की दगडाने, हे कसं कळणार?" बोग्ना स्क्रूकडे बघतच बोलत होती. "पॉझिट्रॉनला ढकलावं लागत नाही. अगदी हळू येतो. धडक देत नाही, आत घुसत नाही. सगळ्यांत वरच्या थरावर येऊन बसतो."

"दाराशी?"

"दाराशी. मग एखादा इलेक्ट्रॉन भेटतो... आणि दोघं नाहीसे होतात."

"दोघंही?"

"दोघंही. दोन गॅमा किरण उरतात, पाठीला पाठ लावून निघालेले. आणि अणूमध्ये एक जागा रिकामी राहते. ती भरायला वरून एक खाली येतो. त्याची वाचलेली ऊर्जा तिसऱ्याला मिळते आणि तिसरा बाहेर फेकला जातो. मी त्या तिसऱ्याला पकडते. गॅमा दिसला की घड्याळ सुरू, तो नळीच्या टोकाला पोचला की बंद. किती वेळ लागला त्यावरून ऊर्जा कळते."

"म्हणजे तिसऱ्याकडून पहिल्या दोघांची हकिकत काढता."

"तेच माझं काम."

"चुगलखोर धंदा आहे," तिमॉन म्हणाला. बोग्नाचा स्क्रू जरा तिरका बसला.

सगळ्यांना पडणारा प्रश्न त्यानेही विचारला — यातून हाती काय लागणार? तिने सरळ सांगितलं. सोडियम थकत चालला होता, मोजणी वर्षागणिक मंदावत होती. एप्रिलअखेर नवा स्रोत येणार होता, आणि तो ऑक्साइडच्या कामाला द्यायचा की अर्धवाहकांवर काम करणाऱ्या विटोल्ड सरांच्या गटाला, हे ईस्टरच्या आधीच्या बैठकीत ठरणार होतं. बोग्नाकडे तोवर काही नवं नसेल, तर यंत्र तिच्या हातून जाणार. मग प्रबंधाचा विषय बदलायचा, तिसऱ्या वर्षी.

"तेव्हा तुमचं पोर शहाणं निघू दे," ती म्हणाली.

पुढचे दोन दिवस कोठी भाजली. भिंतींना चिकटलेलं पाणी निघून जावं म्हणून तिला चंदेरी कागदात गुंडाळून तापवतात. तळघर एरवी गारठलेलं. ती चंदेरी कोठी तेवढी शेकोटीसारखी. दोघं तिच्यापाशी हात शेकत बसत, कांद्याच्या रोट्या मात्र पट्ट्यापलीकडे जाऊन खात, आणि परत येत. तिमॉनला सगळ्याचं कुतूहल होतं: पंपाच्या आवाजाचं, लेओकादियाबाईंच्या टोपीचं, बोग्ना विचार करताना पेन्सिलीने कानामागे का खाजवते याचं.

"तुम्ही स्वतःला विचारलंय का, का?"

"तू म्हण," बोग्ना म्हणाली. "माझ्यावर प्रयोग चाललाय आणि अजून 'तुम्ही'?"

"तू... विचारलंयस का?"

"नाही. आणि आता खाजवताना लाज वाटणार."

शनिवारी तो गेला. स्टेशनवर दोघं एकमेकांचा हात जरा जास्त वेळ हलवत राहिले.

मार्चमध्ये एक उंचवटा दिसायला लागला.

आलेखाच्या अगदी डाव्या टोकाला, सगळ्यांत मंद इलेक्ट्रॉन जिथे येतात तिथे. तिथे काहीतरी असणार, हे बोग्नाला अपेक्षित होतं. पण एवढं नाही. स्फटिक साफ राहावा म्हणून ती तो मधूनमधून तापवायची, आणि प्रत्येक वेळी तापवल्यावर उंचवटा वाढायचा. तिने कारण मांडलं. तापवलं की ऑक्साइडमधून थोडा ऑक्सिजन निघून जातो, त्याच्या जागा रिकाम्या राहतात. अशा जागेशेजारी पॉझिट्रॉनने एक इलेक्ट्रॉन नेला, की त्याची भर शेजारच्या अणूकडून येते आणि मंद इलेक्ट्रॉन बाहेर पडतो. रिकाम्या जागा जास्त, तर उंचवटा मोठा. कुणी असं मोजलं नव्हतं. लेओकादियाबाईंनी आलेख उलटसुलट धरून बघितला आणि म्हणाल्या, "छान आहे. फार छान आहे म्हणून बेचैन व्हायला होतं."

रोज संध्याकाळी ती तिमॉनला फोन करून उंचवट्याची हकिकत सांगे. हकिकत पाच मिनिटांची, फोन तासाभराचा. तो शिट्टी वाजवत ऐके. एकदा म्हणाला, "मला एक सांग, तू इतकी खूश असतेस तेव्हा उभी असतेस की बसलेली?"

"का?"

"इकडे चित्र डोळ्यासमोर येत नाही."

"उभी," ती म्हणाली, आणि खरंच उभी होती.

मार्चअखेर त्याने सहज विचारलं, "निळा झाला असेल ना आता?"

"कोण?"

"स्फटिक. एवढ्या जागा रिकाम्या झाल्या, म्हणजे निळा पडायलाच हवा. आमच्याकडे भट्टीतून काढला की शाईसारखा निघतो."

बोग्ना कोठीच्या काचेपाशी गेली. मापन चालू असताना काच झाकलेली असते. आठवडाभर तिने आत बघितलंच नव्हतं. तिने झाकण सरकवून विजेरी धरली.

"पिवळा आहे," ती म्हणाली. "मधासारखा. आणला होतास तसाच."

फोनवरची शिट्टी थांबली. मग तो म्हणाला, "बरं." आणि मग, "उद्या बोलू."

उद्या तो बोलला नाही. परवा दोनच वाक्यं बोलला. "बोग्ना, मी शनिवारी येतोय. तुला एक सांगायचंय... फोनवर नको."

ती शुक्रवारी केस कापून आली. शनिवारी लेओकादियाबाई कपाटातलं काहीतरी न्यायला म्हणून तळघरात डोकावल्या, तिच्या हिरव्या मफलरकडे बघितलं, म्हणाल्या, "हे पंपासाठी का?" आणि उत्तर न घेता गेल्या.

तिमॉन आला तो झोप न झालेल्या चेहऱ्याने. कोटात पुन्हा तो पोलादी डबा. लाल पट्ट्यापाशी तो थांबला, आत आला नाही.

"सांग," बोग्ना म्हणाली. तिला स्वतःच्या कानात पंपाचा आवाज येत होता.

"तो उंचवटा माझा आहे."

"काय?"

"त्या गुरुवारी मी एकच मोजा काढला होता. पोंचकी खाल्ली, रुमालाला बोटं पुसली, आणि तोच मोजा परत चढवला. चढवताना बोटं बाहेरून लागली असणार. त्या मोज्याने मी मागचा पत्रा धरला." तो एका दमात बोलत होता, पाठ केल्यासारखा. "तू तापवतेस तेव्हा आधी तो पत्रा तापतो. चरबी उडते, आणि थंड होताना स्फटिकावर बसते. एक पापुद्रा. तेवढा पुरतो, कारण तुझा पॉझिट्रॉन फक्त वरचाच थर बघतो. तू साफ करत गेलीस तसा तो मळत गेला. स्फटिकात रिकाम्या जागा तयारच झाल्या नसतील. तापमान मोजणारी तार जिथे आहे, तिथून स्फटिकापर्यंत उष्णता पोचत नसेल. म्हणून पिवळा."

बोग्ना स्टुलावर बसली.

तापवताना दाब किंचित वाढत असे. तो सगळ्यांकडेच वाढतो, म्हणून तिने सोडून दिलं होतं. चरबीतला कार्बन दिसायला हवा होता. पण तो आलेखाच्या पार उजवीकडे, जिथे थकल्या सोडियमच्या जोरावर मोजायला महिने लागतात. ती जिथे उंचवटा दिसत होता तिथेच मोजत बसली होती. सगळं जागेवर बसत होतं, आणि ते तिला आवडत नव्हतं.

"खात्री आहे तुला?"

"नाही. कोठी उघडल्याशिवाय कशी असेल? आणि बैठक परवा आहे, ती निववून, हळूहळू हवा भरून उघडायलाच दोन दिवस जातील." तो अजून पट्ट्याबाहेरच होता. "तू आहे तोच आलेख दाखवलास, तर कुणाला कळणार नाही. वर्षभर तरी. मी काही बोलणार नाही... पण तुला माहीत नसताना तू दाखवावंस, हे मला जमलं नाही."

तळघरात पंप चालू होता. बोग्नाला रडावंसं वाटलं, मग ओरडावंसं वाटलं, आणि या दोन्हींच्या मधून एक प्रश्न डोकं वर काढून बसला. तो जाईना.

"कुठलं बोट?" तिने विचारलं.

"अं?"

"पत्रा कुठल्या बोटाने धरला होतास?"

"अंगठा वरून. बाकीची खालून."

"आत ये," ती म्हणाली. "दारात उभं राहून काय सांगतोस. नीट दाखव, कसा धरला होतास."

सोमवारच्या बैठकीत बोग्नाने तो आलेख दाखवला आणि शेवटी सांगितलं, की हा ऑक्साइडचा असेलच याची खात्री देता येत नाही. मागच्या पत्र्यावर तेलकट बोट लागल्याची शक्यता आहे. कुणाचं, ते सांगितलं नाही. विटोल्ड सर भला माणूस. त्यांनी खाली बघत पेन उघडझाप केलं. लेओकादियाबाईंनी चष्मा काढला.

"बोटावर काय होतं?"

"पोंचकी, बाई."

"मीच आग्रह केला होता," बाई म्हणाल्या. कुणी हसलं नाही. "नवा स्रोत विटोल्डकडे जाईल. ठरल्याप्रमाणे आज ठरवायचं, तर दुसरं काही ठरवता येत नाही. पण तो यायला वेळ आहे. तोवर जुना स्रोत आहे, आणि ईस्टरला इथे कुणी फिरकत नाही. किल्ली तुझ्याकडेच ठेव, पोरी."

त्याच दुपारी कोठी उघडली. मागच्या पत्र्यावर काचेसारखा तपकिरी डाग होता. भिंगाखाली मोज्यातल्या अंगठ्याचा आकार स्पष्ट दिसत होता. दोघं डोक्याला डोकं लावून बघत बसले.

"छाप सुबक आहे," बोग्ना म्हणाली.

"मला शिव्या दे. बरं वाटेल."

"याचा फोटो माझ्या प्रबंधात जाणार. विषय कुठलाही मिळो."

"नावासकट?"

"आभारांत."

तिमॉनने रजा टाकली. डब्यात त्याच कांडीचा दुसरा तुकडा होता. तो त्याने शनिवारीच बरोबर आणला होता. नवा पत्रा, नवी तार, या वेळी तापमानाची तार स्फटिकाला टेकून. हात लावण्याआधी दोघं एकमेकांचे मोजे तपासत, डॉक्टर नाडी बघतात तसे मनगट धरून. तपासायला लागतो त्याहून थोडा जास्त वेळ लागे. पुन्हा चंदेरी कागद, पुन्हा भाजणं.

बोग्नाने झामोश्च गावी आईला फोन केला, की या ईस्टरला घरी येत नाही, मोजणी चालू आहे.

"नाव काय त्याचं?" आईने विचारलं.

"कुणाचं?"

"मोजणीचं."

"तिमॉन," बोग्ना म्हणाली आणि फोन ठेवला.

विभाग रिकामा झाला. लेओकादियाबाई जाताना आंबवलेल्या राय धान्याच्या सूपाचं पातेलं आणि रंगवलेली अंडी पट्ट्याबाहेर ठेवून गेल्या. थकलेल्या सोडियमकडून इलेक्ट्रॉन एकेक करून येत होते. पडद्यावर ठिपका वाढायचा, थांबायचा, मग दुसरा. दोघं त्याच्यासमोर बसून राहत, अंडी सोलून खायला पाळीपाळीने पट्ट्याबाहेर जात, आणि बाहेर गेलेला ओरडून विचारे, "आले का?"

रविवारपर्यंत चित्र स्पष्ट झालं. मोठा उंचवटा नव्हता. डाव्या टोकाला जेमतेम एक फुगवटा होता, आधीच्या दहाव्या भागाएवढा. विश्वास ठेवायचा तर होता, नाही ठेवायचा तर यंत्राचा नुसता गोंगाट होता. बोग्ना बराच वेळ त्याच्याकडे बघत बसली.

"गेला," ती म्हणाली.

"थोडा आहे."

"तू म्हणतोस म्हणून?"

"मी म्हणतो म्हणून काहीच नसतं, हे मी शिकलोय. तापव. या वेळी खरोखर तापव."

तिने तापवला. थंड झाल्यावर काचेवरचं झाकण सरकवलं, विजेरी धरली. त्यानेही वाकून बघितलं. आत नखाएवढं आभाळ होतं.

मोजणी परत सुरू झाली.

सोमवारी सकाळी तिमॉन भाड्याच्या खोलीवरून आला. ईस्टरचा दुसरा दिवस, एकमेकांना भिजवण्याचा ओला सोमवार; रस्त्यात पोरं बादल्या, बाटल्या घेऊन दबा धरून बसलेली. तो भिंतीभिंतीने जपत आला होता, कोरडा. तळघराचं दार उघडलं आणि दाराआडून त्याच्या मानेवर थंडगार पाणी ओतलं गेलं. कॉलरमधून पाठीवर, पाठीवरून खाली.

"स्वच्छ आहे," बोग्ना म्हणाली. तिच्या हातात काचेचं चंचुपात्र होतं. "दोनदा ऊर्ध्वपातन केलेलं. या इमारतीत याहून शुद्ध पाणी नाही."

"वाढलाय," तो म्हणाला.

"कशावरून?"

"तुझ्यावरून. उभी आहेस."

ती उभीच होती, पहाटेपासून. फुगवटा वाढला होता. थोडाच, पण गोंगाट जेवढा असतो त्याच्या स्पष्ट वर. निळ्या स्फटिकावर, स्वच्छ पत्र्यासह, तापवल्यानंतर. तिची कल्पना खरी होती, फक्त ती लहान होती.

"बाईंना फोन केला," ती म्हणाली. "सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, दहावा भाग उरला का? मग तेवढा तुझा, बाकीचा बेकरीचा. विटोल्ड सरांशी बोलणार आहेत. निम्मा-निम्मा वेळ मागतील."

तिमॉन खाली लाल पट्ट्याच्या कडेवर बसला. पाठीवरून पाणी ठिबकत होतं. त्याने चेहरा दोन्ही हातांनी पुसला.

ती त्याच्या शेजारी बसली.

"मला एक कळत नाही," ती म्हणाली. "मोज्याची गोष्ट फोनवर झाली असती. ती सांगायला कुणी अख्खा देश ओलांडून येत नाही."

"नाही येत."

"मग?"

"दुसरंही होतं. पण पहिलं ऐकल्यावर तू मला हाकलशील, असं वाटलं. हाकललेल्या माणसाने दुसरं कशाला सांगायचं..."

"हाकललं नाही."

"तू बोट विचारलंस." तो तिच्याकडे बघत नव्हता, पडद्याकडे बघत होता. "तुझं सगळं गेलं होतं आणि तू बोट विचारलंस. मी त्याआधीच प्रेमात पडलो होतो, बोग्ना, रांगेतच बहुतेक. पण त्या क्षणापासून मला त्याचं काही करता येईना."

पंप चालू होता. बोग्ना पेन्सिल शोधत कानामागे हात घेऊन गेली, पेन्सिल नव्हती.

"खात्री आहे तुला?" तिने विचारलं.

"या वेळी आहे."

"मला अजून थोडं मोजायला लागेल," ती म्हणाली, आणि त्याच्या ओल्या कॉलरला धरून त्याला जवळ ओढलं.

मागे पडद्यावर एक ठिपका वाढला, मग आणखी एक. त्यांच्याकडे बघायला कुणी नव्हतं.